रिकिबीचं गाव

मार्चमध्ये मी चार दिवस गोव्यात होते आणि समुद्र पाहिला तो जेमतेम दहा मिनिटं, तोही एका बंद झालेल्या दुकानाच्या पायरीवरून. बाकी सगळा वेळ पेडण्याची आणि डिचोलीची लाल माती. परत आल्यापासून ओळखीचे लोक विचारतात, "काय मग, मजा केली?" त्यांना काय उत्तर द्यावं ते मला सुचत नाही. म्हणून एकदाच सगळं लिहून काढते.

मी कोल्हापूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवते. आमचा दहा-बारा जणांचा एक गट आहे. किल्ल्यांच्या पायथ्याशी, गावोगावच्या उत्सवांत आम्ही मराठ्यांच्या घोडदळाचे प्रसंग उभे करतो. खरी घोडी, खरे स्वार आणि सामान होता होईल तेवढं त्या काळचं. घोडी दिलीपची. तो माझाच जुना विद्यार्थी. शहराबाहेर त्याचा म्हशींचा गोठा आहे आणि शेजारीच घोड्यांची पागा. सामान मात्र माझ्याकडे. खोगीर कसं असायचं, तंग कुठून आवळायचा, लगामाला कातडं कुठलं लावायचं, हे जुनी चित्रं बघून ठरवायचं आणि तसं सामान हुडकायचं किंवा करून घ्यायचं, ही माझी हौस.

दोन वर्षांपूर्वी पेडण्याच्या किनाऱ्यावरच्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात मला रिकिबींची एक जोडी मिळाली होती. रिकीब म्हणजे खोगिराला लोंबणारं ते लोखंडी कडं, ज्यात स्वार पाय अडकवतो. या जोडीच्या दोन्ही बाजूंना पोपट काढलेले होते, माना वळवून एकमेकांकडे बघणारे. लोखंड काळंतांबूस, खवल्याखवल्यांचं. दुकानदार म्हणाला, "हळर्णच्या शिलेदार घराण्यातल्या आहेत. किल्ल्याजवळचं घर. म्हातारीनं रडत रडत दिल्या." मी त्या पिशवीत घातल्या त्या परत येईपर्यंत मांडीवरून खाली ठेवल्या नाहीत.

पुढे मी त्यांच्यावर लेख लिहिला. व्याख्यानं दिली. "अडीचशे वर्षांपूर्वी या रिकिबीत पाय ठेवून कुणी तरी रणात गेलं असेल," असं मी म्हणाले की सभागृह शांत व्हायचं. कार्यक्रम संपल्यावर वयस्क माणसं चपला काढून टेबलापाशी यायची, रिकिबीला हात लावून तो कपाळाला लावायची. खंडेनवमीला आम्ही त्या मधोमध मांडून त्यांची पूजा केली. मीच हळदकुंकू वाहिलं.

एरवी त्या माझ्या कपाटात असत. पण मोठ्या कार्यक्रमाला मी त्या दिलीपच्या खोगिराला लावायला द्यायचे, कारण तो आमचा सगळ्यात चांगला स्वार. संक्रांतीनंतरच्या रविवारी एका गडाखालच्या मैदानात तो सगळ्यांच्या पुढे होता. रिकिबीत उभा राहून त्यानं भाला उचलला आणि डावी रिकीब तुटली. ढोल वाजत होते, त्यामुळे मोडल्याचा आवाज मला ऐकू आला नाही. दिसलं ते एवढंच, की त्याची घोडी पुढे निघून गेली आणि तिच्या पाठीवर कुणी नव्हतं. मागच्या घोडीचा खूर त्याच्या खुब्यावर पडला. हाड मोडलं, शस्त्रक्रिया करून आत धातूची पट्टी घालावी लागली. दवाखान्यात मी सगळ्यांना सांगत होते, "जुनं लोखंड, थकणारच." दिलीपच्या बायकोलासुद्धा मी हे सांगितलं. आज ते आठवलं की कान तापतात.

उरलेली उजवी रिकीब एका वस्तुसंग्रहालयाला हवी होती. त्यांनी विचारलं, ही नेमकी कुणाच्या घरची, त्या घरचं दोन ओळींचं पत्र मिळेल का? तेवढ्यासाठी मी निघाले. जमलं तर मोडलेलीच्या जागी त्याच घरात दुसरी एखादी मिळते का, तेही बघायचं होतं. एका कापडी पिशवीत चांगली रिकीब आणि मोडलेलीचे दोन तुकडे घेतले.

पेडणे

दुकान नव्हतं. त्या जागी स्कूटर भाड्यानं देणारा एक जण बसला होता. मी पायरीवर उभी राहून विचारलं, "इथे जुन्या वस्तूंचं दुकान होतं ना?"

"होतं. तो गेला सोडून. पत्ता नाही."

"त्याच्याकडे जुनं सामान कुठून यायचं, काही माहीत आहे?"

तो हसला. "जुनं कसलं, बाई. महिन्याला टेम्पो यायचा भरून."

मी समजले, गावोगावचं सामान गोळा करून आणत असतील. माणसाला ऐकायचं तेवढंच ऐकू येतं, आणि मला तर त्या वेळी नीट ऐकण्याची गरजच वाटत नव्हती. समोर समुद्र चकाकत होता. मी बस पकडायला वळले.

पेडण्याच्या स्टँडजवळ एका छोट्या हॉटेलात पातळभाजी आणि उंडे खाल्ले. उंडे म्हणजे वरून कडक आणि आतून मऊ असा गोल पाव. आमच्याकडे मिसळीबरोबर पाव येतो तो बुडवला की विरघळतो. हा बुडवला तरी दातांशी भांडतो. मला तो आवडला. शेजारच्या बाकावर सावंतवाडीकडची दोन माणसं बसली होती, खाणीवरच्या जुन्या दिवसांबद्दल बोलत. माझी पिशवी बाकावर ठेवताना खण्णकन वाजली तेव्हा त्यांनी वळून पाहिलं आणि मी उगीचच ती जवळ ओढली, जणू आत सोनं होतं.

हळर्ण

हळर्णचा किल्ला लहान आहे. नदीच्या काठावर, जांभ्या दगडाचा, अलीकडे डागडुजी केलेला. आमच्याकडचे गड चढायला पोटऱ्या भरून येतात. इथे रस्त्यावरून चार पावलं टाकली की दरवाजातच. बुरुजावरून खाली नदीचं हिरवट पाणी दिसतं आणि पलीकडे माडांची रांग. मी तिथे उभी राहून मनातल्या मनात घोडी पळवून पाहिली. नदीकाठची ओली जमीन, वर चढ, सगळीकडे झाडी. घोडं पळणार कुठं, असा एक प्रश्न तेव्हा डोक्यात येऊन गेला. मी तो बाजूला सारला.

शिलेदारांचं घर कुणालाच माहीत नव्हतं. देवळापाशी विचारलं, दुकानात विचारलं. "शिलेदार? ह्या आडनावाचा कोण नाय हंय." शेवटी किल्ल्याजवळचं म्हणून जे घर दाखवलं, त्याच्या मागच्या बाजूला एक बाई काजूच्या बोंडवांचा ढीग निवडत बसली होती. बी एका टोपलीत, पिवळं-लाल फळ दुसरीत. हवेत तो आंबूस गोड वास इतका दाट होता, की पहिला श्वास घेताच मला ठसका लागला.

"बाये, पाणी पी आधी," ती म्हणाली आणि उठली. तिचं नाव सुलोचना. तिचा नवरा गुरुदास ओसरीवरच्या कदेलावर, म्हणजे खुर्चीवर, पेपर वाचत होता. साठीच्या पुढचा, सडपातळ. तीस वर्षं त्यानं डिचोलीत खनिजाचा ट्रक चालवला होता. खाणी बंद झाल्या तसा घरी येऊन काजू बघू लागला.

मी फार काही न सांगता सरळ विचारलं, "तुमच्या घरात पूर्वी घोडा होता का?"

"होतो मगे," गुरुदास म्हणाला. "अजून असा. हाडू?"

अजून आहे! मी मान हलवली. तो आत गेला आणि कापडात गुंडाळलेलं काहीतरी दोन्ही हातांवर आडवं घेऊन आला. कापड सोडलं. आत लाकडाचं घोड्याचं डोकं होतं. रंगवलेले डोळे, कानाला झालर, मानेखाली बांबूचा सांगाडा.

"शिगम्याक घोडेमोडणी करतंव आमी," त्यानं सांगितलं. "हो कमरेक बांदूचो, हातात तलवार घेवची आनी ढोलार नाचूचा. आमच्या बापायन नाचयलो, आता मिया."

मी चाचरत म्हणाले, "नाही, खरा घोडा. जिवंत. शिलेदार. लढाईला जाणारे."

गुरुदास मोठ्यानं हसला, पण त्यात चेष्टा नव्हती. "बाये, आमी कुळागरातली, माडा-पोफळींतली माणसां. बैल होते. घोडो कित्याक पोसतले?"

तेव्हा मी पिशवीतून रिकीब काढली आणि त्याच्या पुढ्यात ठेवली. म्हटलं, ही या घरातून गेली असं मला सांगितलंय.

त्यानं ती उचललीसुद्धा नाही. बसल्या जागेवरून बघितलं आणि म्हणाला, "ही? ही तर परशराम मिस्त्रीन केलली."

"कुणी?"

"दिवचलाक असा वेल्डर. बेळगावचो. असल्यो पोपटाच्यो ही रास होती तेच्या शेडात." त्यानं हातानं गुडघ्याएवढा ढीग दाखवला. "मातयेत पुरून ठेवलल्यो. मिया डोळ्यांनी बघितलंय."

दिवचल म्हणजे डिचोली. मला एवढं कळलं. बाकी काही डोक्यात शिरेना. मी म्हणाले, "दुसऱ्या कुठल्या तरी असतील." त्यानं नकारार्थी मान हलवली. मी पुन्हा म्हणाले, "याचं लोखंड बघा ना, किती जुनं आहे." त्यानं पेपराची घडी घातली. माझ्या डोळ्यांपुढे ती चपला काढून येणारी माणसं उभी राहिली.

"पयली जेव तू," सुलोचना म्हणाली. "फाल्यां तेच्या वांगडा वच आनी विचार." उद्या गुरुदासबरोबर डिचोलीला जा, असं ती सांगत होती.

बांगड्याचं हुमण आणि उकडा भात होता. आमच्या तांबड्या रश्श्याची आग यात नाही. नारळाचा मऊपणा आणि मागून हळूच येणारी कोकमाची आंबट चव. एरवी मी दोनदा वाढून घेतलं असतं. त्या दिवशी भात चिवडत बसले. सुलोचनानं आग्रह केला नाही. दुपारी तिनं मला बोंडवं निवडायला बसवलं, बहुधा माझे हात रिकामे राहू नयेत म्हणून. रस साडीवर उडाला. "हो डाग जायचो नाय आता," ती म्हणाली, आणि खरंच, अजून गेलेला नाही.

डिचोली

सकाळी गुरुदासनं मला स्कूटरवर मागे बसवलं. अस्नोड्यावरून पुढे गेलो तशी माती आणखी लाल झाली. रस्त्याकडेला ट्रक उभे होते, एकामागे एक, टायर बसलेले, काहींच्या हौद्यांतून झुडपं वर आलेली. "ह्यो सगळ्यो गाडयो मुरगावाच्या बोटींखातीर माल व्हरी," गुरुदास मान वळवून ओरडून सांगत होता. "रातदीस धूळ. आता बघ." मी बघत होते, पण पिशवीतल्या लोखंडाचं वजन मला मांडीवर अधिक जाणवत होतं.

परशराम मिस्त्रीची शेड पत्र्याची. बाहेर अर्धवट झालेलं एक गेट टेकवलेलं, आत ग्राइंडरचा आवाज. पंचावन्नच्या आसपासचा माणूस, डोळ्यांवरचा काळा चष्मा कपाळावर सारलेला, हातांवर ठिणग्यांचे पांढरे डाग. गुरुदासला बघून त्यानं मशीन बंद केलं. माझ्याबद्दल गुरुदास काही बोलायच्या आत मी रिकीब पुढे केली.

त्याचा चेहरा उजळला. मी ते कधी विसरणार नाही. जत्रेत हरवलेलं लेकरू सापडावं तसा तो हसला.

"माझीच की हो ही! कुठं मिळाली तुम्हाला?" त्यानं ती हातात घेऊन उलटी केली. "हे चोचीचं वळण बघा. चार दिवस गेले होते मला ते जमायला. तीन वर्षं झाली, एकानं फोटो आणून दिला होता, किनाऱ्याकडचं दुकान होतं त्याचं. म्हणाला, हॉटेलवाल्यांना भिंतीवर टांगायला पाहिजेत. जुन्या दिसायला पाहिजेत. मग मी मीठ लावून खाणीच्या मातीत पुरल्या, पावसाळाभर. बघा कसा रंग धरलाय!"

मी शेडमधल्या एका रिकाम्या डब्यावर बसले. हा माणूस माझ्यासमोर उभा होता, जिवंत, बनियनवर, आणि ज्या वस्तूपुढे मी हळदकुंकू वाहिलं ती त्यानं केली होती. तीन वर्षांपूर्वी. इथे, या पत्र्याखाली.

"तुमच्याकडं कुठं टांगली होती?" त्यानं कौतुकानं विचारलं.

"टांगली नव्हती," मी म्हणाले. "घोड्याला लावली होती."

"घोड्याला?"

मी पिशवीतून मोडलेलीचे दोन तुकडे काढून त्याच्या हातात दिले.

त्यानं ते घेतले. मोडलेल्या जागी अंगठा फिरवला. मग उजेडात जाऊन पाहिलं. वळून त्यानं विचारलं,

"कुणाचा पाय होता यात?"

मी सांगितलं. दिलीप, भाला, मागची घोडी, खुबा, सगळं. तो ऐकता ऐकता खाली बसला, जमिनीवरच.

"टांगायची वस्तू आहे ही, बाई," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "भिंतीला टांगायची वस्तू. तुकडे जोडलेत मी यात. वरून गंज दिसावा म्हणून मीठ लावलं, ते सांध्यात आतपर्यंत शिरलं असणार. यात कुणी पाय घालंल असं कोण बोललंच नाही मला."

मला त्याच्यावर ओरडायचं होतं. रस्ताभर मी वाक्यं जुळवत आले होते. पण आता तोच माझ्याइतका हादरलेला दिसत होता, आणि ती वाक्यं तोंडातच राहिली. कारण पाय घालायला त्यानं सांगितलं नव्हतं. दिलीपच्या खोगिराला त्या मी लावल्या होत्या. एकदाही कुणा लोहाराला न दाखवता.

परशरामची बायको रेणुका मागच्या खोलीतून चहा घेऊन आली. तिनं नवऱ्याला जमिनीवर बसलेलं पाहून काय झालं ते विचारलं. त्यानं दोन वाक्यांत सांगितलं. ती म्हणाली, "माणूस कसा आहे आता?"

लाजेची गोष्ट अशी, की हा प्रश्न तोवर कुणी विचारलाच नव्हता. "काठीवर चालतो," मी सांगितलं.

"मला बोलायचंय त्यांच्याशी," परशराम म्हणाला. "लावा फोन."

मला लावायचा नव्हता. त्याआधी दिलीपला मलाच सांगावं लागणार होतं, की ज्या रिकिबीवरून तू पडलास ती खोटी होती आणि तुझ्या बाईंना ते कळलं नाही. मी शेडच्या बाहेर, त्या अर्धवट गेटापाशी जाऊन उभी राहिले आणि नंबर लावला. दिलीपनं उचलल्याबरोबर मी एका दमात सगळं सांगून टाकलं. पलीकडे म्हैस ओरडल्याचा आवाज आला. मग दिलीप म्हणाला,

"मला ठावं हुतं, मॅडम."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"काय ठाऊक होतं?"

"नव्या हायत ते. पयल्याच दिवशी घासताना बघितलं न्हवं का. गंजाखाली वेल्डिंगचा मणी हुता, जोंधळ्याएवढा. त्या काळात कुठलं आलंय वेल्डिंग?"

माझ्या हातातला फोन खरोखरच घसरला. तो गेटाच्या सळईवर आपटून लाल मातीत पडला. उचलून कानाला लावला तेव्हा दिलीप "हॅलो, हॅलो" करत होता.

"दिलीप, दोन वर्षं? मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही व्याख्यान द्यायला उभं राहायचा तवा मी मागं बसलेला असायचो, मॅडम. तुमचा चेहरा बघितलाय मी. आणि तुम्ही मला शिकवलंय. चार माणसांत तुम्हाला खोटं कसं पाडायचं? मला वाटलं, नवीन हाय तर हाय, कुणाचं काय बिघडतंय. तुटंल आसं न्हाई वाटलं. आईशप्पथ न्हाई वाटलं."

सगळ्या प्रवासातला मोठा धक्का हा. रिकीब खोटी निघाल्यानं मी हादरले होते, पण ते सोसण्यासारखं होतं. फसवणारा परका होता. हे निराळं होतं. माझ्यासमोर खरं बोलायला माझ्या हाताखाली शिकलेला माणूस कचरला होता, आणि त्यापायी त्याचं हाड मोडलं होतं. वर्गात मी किती वेळा म्हटलं असेन, पुरावा बघा, प्रश्न विचारा. मला प्रश्न विचारला तर माझा चेहरा कसा होत असेल, ते मात्र मला ठाऊक नव्हतं. त्याला ठाऊक होतं.

मी आत जाऊन फोन परशरामच्या हातात दिला. दोघं बराच वेळ बोलले. आधी परशराम नुसता "चुकलं हो" म्हणत होता. नंतर आवाज बदलला. रुंदी किती, पाय कुठल्या मापाचा, पट्टा किती बोटांचा, असे प्रश्न यायला लागले. फोन परत देताना तो म्हणाला, "ते म्हणतात, आता खऱ्या करा. पाट्याच्या."

पाटा म्हणजे ट्रकखाली असते ती कमानीची पोलादी पट्टी. गुरुदास तेवढ्यात उठला. कुणाच्या तरी मोडीत काढलेल्या ट्रकचा एक पाटा घेऊन अर्ध्या तासात परत आला. परशरामचा बाप बेळगावाकडच्या खेड्यात लोहार होता. स्वतः परशराम खाणीच्या भरात इथे ट्रकच्या बॉड्या दुरुस्त करायला आला आणि ऐरणीची सवय सुटली. त्यानं शेडच्या मागे विटांची भट्टी रचली. पाटा तापून नारिंगी झाला, की तो घण घालायचा. मधूनमधून थांबून धाप टाकायचा आणि स्वतःशी पुटपुटायचा, "जोड नाही पाहिजे. एक पण जोड नाही."

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हेच चाललं. मी ब्लोअरचा दांडा फिरवत होते. हाताला फोड आले. रेणुकानं भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी दिली, आणि गोव्यात बसून मी घरच्यासारखं जेवले. पहिली रिकीब वाकवताना तडकली. परशरामनं ती माझ्या देखत भंगारात फेकली. "दिसली का तड? केसाएवढी आहे. पण आहे."

मग जी जोडी झाली ती साधी. पोपट नाहीत, नक्षी नाही. छताच्या लोखंडी तुळईला साखळी बांधून त्यानं एक रिकीब टांगली, तिच्यात पाय घातला आणि सगळं अंग टाकून उड्या मारल्या. मग दुसरी. मग गुरुदासला उभं केलं. मग माझ्याकडे बघितलं.

"तुम्ही बघा."

"मी नको."

"घोड्यावर बसताना कसा घालता तसा घाला पाय."

मला सांगावं लागलं. "मी घोड्यावर कधी बसले नाही."

परशरामनं गुरुदासकडे पाहिलं. गुरुदासनं जमिनीकडे. बारा वर्षं मी खोगिरं, लगाम आणि रिकिबी हुडकत होते, त्यांच्यावर बोलत होते, आणि माझं वजन मी त्यांतल्या एकावरही कधी टाकलं नव्हतं. ते नेहमी दुसऱ्या कुणी तरी टाकलं.

मी साडी खोचली, साखळी धरली आणि डावा पाय घातला. लोखंड तळव्याला कडक लागलं. जमीन सुटली तशी मी वेडीवाकडी गिरकी घेतली आणि ओरडले. परशरामनं खालून दोन्ही हात पसरले होते, पण धरावं लागलं नाही.

कोल्हापूर

आल्या आल्या संग्रहालयाला पत्र लिहिलं. लेखातलं काय चुकलं ते छापायला दिलं. हे लिहायला सोपं, करायला नव्हतं. तीन मसुदे फाडले. एका श्रोत्याचा फोन आला. ते म्हणाले, "बाई, मी नमस्कार केला होता हो त्याला." मी म्हणाले, "मीही."

मग पागेत गेले. दिलीप काठी भिंतीला टेकवून बाजेवर बसला होता. मी नवी जोडी त्याच्यासमोर ठेवली. त्यानं एक उचलली आणि तपासायला सवयीनं माझ्याकडे पाठ करायला लागला.

"इकडे तोंड करून बघ," मी म्हणाले.

तो थबकला. मग माझ्यासमोरच त्यानं रिकीब फिरवली, अंगठ्याचं नख प्रत्येक वळणातून नेलं, कानाशी धरून टिचकी मारली. बराच वेळ गेला.

"लोखंड झ्याक हाय," शेवटी तो म्हणाला. मग घुटमळला. माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि पुढचं बोलला. "पण हितं वरच्या बाजूला धार राहिलीया, मॅडम. पट्टा कापला जाईल. तुम्ही बघायला पाहिजे हुतं."

"दाखव कुठे," मी म्हणाले.

त्यानं माझं बोट धरून त्या धारेवर ठेवलं. खरंच होती. मी गोठ्यातून कानस आणली, त्याच्या शेजारी बाजेवर बसले आणि घासायला लागले. तो वाकून बघत होता आणि सांगत होता, "अजून. अजून थोडं. न्हाई, तिथं न्हाई, हितं."